रझाकारीतली लेकरे



हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर आपल्या या भागात व्याख्यानांची वाण कधीच नव्हती. दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतली जावीत असेच आमचे मत आहे. परंतु या सर्व भाषणांत मोठी माणसे बोलतात आणि मोठी माणसेच वावरतात. पुढारी, सत्याग्रही, रझाकार, सरदार पटेल, निजाम. त्या वेळी गावात जी पाच, सात, दहा वर्षांची पोरे होती, त्यांच्यावर काय गुदरले हे फारसे कोणी विचारीत नाही. आज आम्ही तेवढेच सांगणार आहो. आमचा धंदा कामगार संघटनेचा, इतिहासाचा नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नये. मात्र जे ऐकले ते ताडून पाहिल्यावाचून आम्ही पुढे ठेवणार नाही.

पहिला प्रश्न शब्दाचा. १९४७-४८ साली जालना, अंबड, भोकरदन, परतूर या मुलुखात जे झाले त्याला काय म्हणावे? पुस्तके स्वातंत्र्यसंग्राम म्हणतात आणि ते खरे आहे. एका राजाची अनियंत्रित सत्ता, तिच्याविरुद्ध प्रजेचा लढा, हे त्याचे स्वरूप कोणी नाकारू नये. पण त्या लढ्याचा एक पाय राजधानीत होता आणि दुसरा गावच्या वेशीत. वेशीत आल्यावर त्याचे रूप बदलले. तेथे शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला, पाण्याचा आड तोच राहिला आणि त्यावर जाण्याच्या वेळा वेगळ्या झाल्या. याला मराठीत यादवी असा जुना शब्द आहे. संग्राम आणि यादवी ही दोन्ही एकाच काळी, एकाच गावात असू शकतात, असे आम्ही मानतो.

नव्या पिढीला त्या राज्याची कल्पना यावी म्हणून थोडी पार्श्वभूमी. निजामाचे संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती एक कोटी ६३ लाखांच्या आसपास. जिल्हे सोळा, पैकी मराठी पाच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना जिल्हा म्हणून आज आपण जो ओळखतो तो तेव्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन हे औरंगाबादेत आणि परतूर परभणीत. मुसलमान प्रजा शेकडा बारा-तेरा, पण पोलीस, फौज, कचेऱ्या यांत मुख्यतः त्यांचाच भरणा. आणि सरकारची भाषा उर्दू. यावरून प्रत्येक मुसलमान सत्ताधारी होता असे समजणे मात्र शुद्ध अज्ञान होय. खेड्यातला पिंजारी, तांबोळी, मोमीन, सालदार हा इतर कुणब्या-बलुतेदारांइतकाच नागवा होता. जहागिरीच्या गावात जहागीरदाराची वेठ करताना त्याची जात कोणी पाहत नसे.

अशा राज्यातल्या पोराला जग दुहेरी दिसे. रुपये दोन. एक हाली सिक्का, निजामाचा. दुसरा कलदार, इंग्रजांचा. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. शाळा असलीच तर सुटी शुक्रवारी, आणि पाहुणा वऱ्हाडातून आला की तो सांगे, आमच्याकडे आदितवारी. सन फसली, महिने आजूर-दै. आणि घरात मात्र चैत्र-वैशाख. चार इयत्ता मराठीत शिकून पुढे जावे तर उर्दू. प्रार्थनेत हुजुरांना दीर्घायुष्य मागावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरहद्द. जालन्याहून देऊळगाव राजा किती लांब? बैलगाडीने एका रात्रीचा प्रवास. पण मध्ये करोडगिरीचा नाका. नाक्याच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे आधी इंग्रजांचे आणि १९४७ च्या ऑगस्टनंतर स्वतंत्र हिंदुस्थानचे. जाफराबाद, भोकरदनच्या बाजूच्या पोरांनी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द प्रथम एक जागा म्हणून ऐकला. ते पूर्वेला, नाक्यापलीकडे होते. मामा तिकडे राहत असे.

आता ही माहिती आम्हांस कोठून मिळाली ते सांगावयास हवे. १९९५ साली भविष्यनिर्वाह निधीतून निवृत्तिवेतनाची योजना आली. वयाची ५८ वर्षे पुरी झाली की हक्क. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि जिनिंग, तेलगिरण्या, लोखंडाचे कारखाने येथील कामगारांचे अर्ज भरून देण्याचे काम आमच्या वाट्याला आले होते. अर्जावर जन्मतारखेचा रकाना. जन्माचा दाखला शंभरांत पाचांजवळही नसे. ज्यांनी शाळा पाहिली होती त्यांची तारीख मास्तरांनी ठोकून दिलेली, एक जून किंवा एक जुलै. राहिलेल्यांना आम्ही विचारू, ‘बाबा, तुमचा जन्म कधीचा?’ उत्तर हमखास ठरलेले. ‘रझाकाराच्या वक्ताला मी शेरडं राखत होतो.’ ‘पोलीस अ‍ॅक्शनला मी मायच्या कडेवर होतो.’ ‘रझाकारीत माझे दुधाचे दात पडत होते.’ शेरडे राखणारा पोर सात-आठ वर्षांचा धरावा, कडेवरचा दोनाचा. अशा हिशेबाने आम्ही वये काढली. कचेरीतल्या कारकुनाला आकडा पुरे होता. आम्ही मात्र पुढे विचारीत गेलो, की शेरडे राखताना काय पाहिले? त्या उत्तरांच्या दोन वह्या झाल्या. हमाल, जिनिंगमधल्या बाया, रेल्वेचे गँगमन, विडीकामगार, दोन विणकर. हिंदू, मुसलमान, आणि नंतर बौद्ध झालेले. त्यांची नावे आम्ही येथे घेणार नाही. तसा शब्द दिला आहे.

घटनाक्रम पुस्तकांत आहे, तो थोडक्यात. संस्थानातील मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद १९३७ साली प्रथम भरली ती आपल्या परतूरला. ही गोष्ट परतूरच्याही पुष्कळांस ठाऊक नसते. १९३८ साली स्टेट काँग्रेस निघाली आणि तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ पुढारी. १९४७ च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. १५ ऑगस्टला बाकी देशात दिवे लागले तेव्हा येथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. २९ नोव्हेंबरला दिल्ली व हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे-थे करार झाला. दरम्यान लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष होऊन बसला होता. त्याने रझाकार नावाचे स्वयंसेवक दल वाढविले आणि सरकारने त्याला मोकळे रान दिले. स्टेट काँग्रेसचे तरुण सरहद्दीपलीकडे तळ देऊन बसले. तेथून येऊन नाके जाळणे, लेव्हीच्या धान्याची दप्तरे नष्ट करणे, चौक्यांवर छापे घालणे सुरू झाले. शिंदीची झाडे तोडून सरकारचे अबकारी उत्पन्न बुडविण्याचाही कार्यक्रम होता. आपल्या बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या बाईने हत्यार घेऊन या लढ्यात उडी घेतली. त्यांची कीर्ती जिल्ह्यात सर्वांस माहीत आहे. जालन्यात जनार्दन मामांचे नाव आहेच.

वह्यांतील पोरांना या घटनांतले फारसे काही ठाऊक नव्हते. त्यांना काय ठाऊक होते? मीठ. १९४८ साली हिंदुस्थान सरकारने संस्थानाची नाकेबंदी केली, तेव्हा मीठ, रॉकेल, औषधे यांची चणचण झाली. एक बाई, जिनिंगमध्ये सरकी वेचण्याच्या कामावर होत्या, म्हणाल्या, ‘त्या साली आमची भाकर अळणी होती. माय मिठाचा खडा फडक्यात बांधून उतरंडीत ठेवी आणि सणालाच काढी.’ दिवा लागत नसे. तिन्हीसांजेला जेवून अंधारात बसावयाचे. काळोखाची भीती होतीच, त्यात मोठी माणसे कुजबुजत बोलत. पोरे रडली की आया म्हणत, ‘गप, रझाकार आला.’ आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही धमकी पुढे तीस वर्षे चालली. ती ऐकून गप्प बसणाऱ्या पोरांत शेजारच्या मुसलमान घरचेही असत, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

रझाकारांची रीत बहुतेक ठिकाणी एकच दिसते. गावावर रक्कम बसवावयाची. गावाने भरली तर पुष्कळदा निभावले. नाही भरली तर लूट, जाळपोळ, खून आणि बायकांची अब्रू. म्हणजे गाव वाचविण्यासाठी वर्गणी. ती पाटील-कुलकर्ण्यांनी गोळा करावयाची आणि ज्याच्याकडे देण्यास काही नाही त्याने शेळी द्यावी. एका गँगमनची हकिगत आहे. त्यांच्या घरची बकरी या वर्गणीत गेली. बकरी गाभण होती. ‘रझाकारीत तुमचे काय गेले?’ असे आम्ही विचारले तेव्हा एवढीच गोष्ट त्यांनी सांगितली. चुलता मारला गेला होता हे त्यांच्या पत्नीने चहा देताना सांगितले. लहानपणी काय मोठे वाटते आणि काय समजतच नाही, याचा हा नमुना आहे.

पैसेवाले आधी गेले. हे कोणाला टोचावे म्हणून आम्ही म्हणत नाही, घडले तसे सांगतो. सावकार, वतनदार, व्यापारी यांना नाक्यापलीकडे सोयरे होते, गाड्या होत्या. रात्री बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा काढून, चाकांना चिंध्या बांधून गाड्या वऱ्हाडच्या वाटेला लागत. भांडी परसात पुरलेली. वाड्याला कुलूप आणि किल्ली येसकराच्या हाती. मागे राहिले सालदार, अलुतेदार-बलुतेदार आणि गावकुसाबाहेरची वस्ती. राखण त्यांनी करावयाची आणि मारही त्यांनी खावयाचा.

त्या गावकुसाबाहेरच्या वस्तीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आमच्या व्याख्यानांतून ती नेहमी गळते. त्या काळच्या महारवाड्याला दोन्हीकडून ओढ होती. सरकार आणि इत्तेहाद म्हणत, तुम्ही आमच्याकडे या, जमीन देऊ. काही पुढाऱ्यांनी तशी साथ दिलीही, आणि सरकारी पडीक जमिनी काही कुटुंबांना मिळाल्याही. गाव म्हणे, तुम्ही त्यांचे हस्तक. डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर पत्रक काढून संस्थानातील अस्पृश्य वर्गाला स्पष्ट बजावले होते की निजामाची किंवा इत्तेहादची बाजू कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. पण दिल्लीचे पत्रक अंबड तालुक्यातल्या झोपडीत कसे पोचावे? ज्याच्याकडे वतनाची काठी होती त्याला रात्री कोणीही उठवून वाट दाखवावयास नेई. आज रझाकार, उद्या काँग्रेसचे तरुण. वाट दाखविली हाच पुढे गुन्हा ठरला. एका हमालबाबाने आम्हांस सांगितले, ‘माझ्या बापाला दोघांनीही मारले. पहिल्याने सांगितले नाही म्हणून, दुसऱ्याने सांगितले म्हणून.’ ते तेव्हा सहा वर्षांचे होते. कोणता पहिला आणि कोणता दुसरा, हे त्यांना शेवटपर्यंत नीट लागले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा शिरल्या. पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले होते, शेतात बाजरी डोक्याएवढी उभी होती, भाद्रपदाचा शुद्ध पक्ष. बाजरी हीच त्या दिवसांतली पोरांची लपण्याची जागा, आणि ती कणसे हाच फराळ. औरंगाबाद दुसऱ्या दिवशी पडले. १५ तारखेला फौजेने जालना घेतले. गुरखा पलटणीची एक तुकडी येथे ठेवून बाकीची फौज पुढे लातूर-मोमिनाबादकडे गेली. १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला जनरल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांची सत्ता संपली. लोकांनी गुढ्या उभारल्या, गूळ वाटला. एका बाबाला त्या दिवसाचे आठवते ते एवढेच की बापाने त्याला खांद्यावर घेतले, आणि आधीचे वर्षभर बापाने त्याला घेतलेच नव्हते.

येथे बहुतेक भाषणे संपतात. वह्या संपत नाहीत.

शुद्ध पक्ष सरला आणि वद्य लागला. पितृपक्षाचा तो पंधरवडा, आणि त्यापुढचे काही आठवडे. रझाकार पळाले किंवा पकडले गेले. कासीम रझवी कैदेत पडला, १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि सुटून पाकिस्तानात गेला. परंतु गावचा पिंजारी कोठे जाणार? ज्यांनी वर्षभर सोसले होते त्यांतल्या काहींनी, आणि ज्यांनी काहीच सोसले नव्हते अशा कितीतरी जणांनी, त्याच्या घरावर चाल केली. काही ठिकाणी बाहेरून आलेल्या टोळ्या होत्या, काही ठिकाणी गावचीच माणसे. सूड होता, तशी लूटही होती; ज्याच्या कर्जाचा कागद मुसलमान सावकाराकडे होता त्याने आधी कागद शोधला. ज्यांच्यावर हस्तक म्हणून शिक्का बसला होता अशा गावकुसाबाहेरच्या घरांनाही आगी लागल्या, आणि मिळालेल्या पडीक जमिनी पुष्कळांकडून हिसकावल्या गेल्या.

हे केवळ ऐकीव आहे असे कोणी म्हणू नये. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे एक मंडळ पाठविले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. जेथे जाता आले नाही अशा १०९ खेड्यांतील पाचशेवर माणसांना त्यांनी विचारपूस केली. त्यांचा अंदाज असा की संस्थानात एकंदर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांत. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. आपला जालना तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे या दुसऱ्या यादीत. मंडळाने रझाकारांच्या अत्याचारांवरही पांघरूण घातलेले नाही. सरदार पटेलांना हे निष्कर्ष मान्य झाले नाहीत, आणि अहवाल छापला गेला नाही. तो दिल्लीत सर्वसामान्यांना पाहावयास मिळू लागला २०१३ साली. आकडा थोडा कमी असेल, थोडा अधिक असेल. त्यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. पासष्ट वर्षे कागद कपाटात ठेवल्याने आकडा कमी होत नाही, एवढे आम्हां हजेरीपत्रक सांभाळणाऱ्यांना कळते.

त्या अहवालातील एक गोष्ट मात्र आम्हांस फार महत्त्वाची वाटते, आणि ती कोणी सांगत नाही. मंडळाला अशीही उदाहरणे आढळली की हिंदूंनी आपल्या गावच्या मुसलमान बायापोरांना जिवावर उदार होऊन वाचविले. पुढे मंडळ म्हणते की एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव हिंदूंपासून केला आणि त्यापायी काहींनी प्राण दिले. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या वहीतल्या एका विणकराची हकिगत पुन्हा काढून पाहिली. ते त्या वेळी आठ-नऊ वर्षांचे, मोमीन घरचे. माग खड्ड्याचा असतो, म्हणजे विणणाऱ्याचे पाय खाली खड्ड्यात जातात. शेजारच्या साळी कुटुंबाने त्यांना आणि त्यांच्या बहिणीला आपल्या मागाच्या खड्ड्यात बसविले, वर ताणा तसाच ठेवला, आणि घरचा म्हातारा वर बसून धोटा टाकीत राहिला. दोन दिवस. माणसे दारात येऊन पाहून गेली. माग चालू आहे, सूत ताणलेले आहे, खाली कोण पाहतो? ‘डोक्यावर धोट्याचा खट-खट आवाज,’ ते म्हणाले, ‘थांबला की आम्ही श्वास धरायचो.’ साळ्याने हे का केले, असे आम्ही विचारले. त्यांना प्रश्नच समजला नाही. ‘त्यांचं सूत आमच्याकडं, आमची फणी त्यांच्याकडं,’ म्हणाले. कामगारांच्या एकजुटीवर आम्ही फार भाषणे केली आहेत. याहून स्पष्ट वाक्य आम्हांस साधलेले नाही.

आता कोणी उठून विचारील, आणि मागे एका सभेत विचारलेही, की असे बोलून तुम्ही जुलमी आणि पीडित यांना एका पारड्यात घालता काय? मुळीच नाही. रझाकाराच्या पाठीशी सरकार होते, पोलीस होते, तुरुंग होता. त्याला दाद मागण्याची जागा नव्हती. आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हा क्रम आम्ही कधीही उलटा लावणार नाही. निजामाचे राज्य जाणे अवश्य होते आणि ते गेले हे चांगलेच झाले. पण क्रम सांगितला म्हणजे हिशेब पुरा होत नाही. त्या विणकराच्या पाच वर्षांच्या बहिणीने कोणता रझाकार पोसला होता? ज्याची गाभण बकरी गेली त्या पोराने कोणाचे काय बिघडविले होते? ज्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो त्यांनी आपली अडचण तपासावी.

पुढे काय झाले? राज्य बदलले तशी काही चांगली कामे झपाट्याने झाली. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली कुळांचा कायदा आला. कचेऱ्यांची भाषा बदलली. औरंगाबादेत १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे महाविद्यालय निघाले, आणि आमच्या वहीतल्या एका बाबांचा धाकटा भाऊ तेथे शिकून मास्तर झाला. गेलेल्या पडीक जमिनींसाठी भूमिहीनांना मात्र पुन्हा सत्याग्रह करावे लागले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. हाली सिक्का बंद झाला. दोन रुपयांचा एक झाला, दोन सुट्यांची एक झाली.

मुलांचे असे झाले की बरीच पोरकी मुले जालन्यात आली. नाना वाटांनी आली. कोणी मामाच्या हाताला धरून, कोणी मनमाडच्या गाडीत बाकाखाली निजून. जिनिंगमध्ये दहा वर्षांच्या पोराला सरकी ओढावयास ठेवीत, रोजी आण्यांत. मुसलमान घरांतली जी मुले उर्दू चार बुके शिकली होती त्यांचे शिक्षण एका वर्षात निरुपयोगी झाले. बाप पोलिसात किंवा नाक्यावर असेल तर त्याची नोकरी गेली. ती मुले हातगाडीवर, टांग्यावर, कापसाच्या गाठींवर आली. मोंढ्यात गाठ उचलावयास दोघे लागतात. एक बाजू एकाने धरावयाची, दुसरी दुसऱ्याने. आमच्या वहीत अशा तीन जोड्या आहेत, ज्यांतला एक बाजरीत लपला होता आणि दुसरा त्यानंतरच्या पंधरवड्यात कोठेतरी. वीस-वीस वर्षे त्यांनी एकत्र गाठी उचलल्या. एकाही जोडीने एकमेकांना ही गोष्ट सांगितलेली नव्हती. आम्ही विचारले, ‘का नाही सांगितली?’ एक म्हणाले, ‘त्यानं विचारली असती तर सांगितली असती.’ दुसऱ्यांना विचारले तर तेही तेच म्हणाले.

१९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले. त्याच साली आपल्याकडे मोठा दुष्काळ होता आणि ही पोरे, आता तिशी-पस्तिशीची, रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर तुरुंगवासाचा, भूमिगत असल्याचा रकाना होता, आणि असावयासच हवा. आपल्या जिल्ह्यातील अनेक वृद्धांना तो आधार मिळाला. बाजरीच्या शेताचा किंवा मागाच्या खड्ड्याचा रकाना कोठेच नव्हता. आमच्या माणसांनी तो मागितलाही नाही.

ज्यांच्याकडून आम्ही ऐकले त्यांतले बहुतेक आता नाहीत. जे त्या वेळी शेरडे राखीत होते ते आज ऐंशीच्या पुढे, पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आपणांपैकी कोणाच्या घरी असे वडीलधारे असतील, आणि त्यांची बोलण्याची इच्छा असेल, तर सभा संपल्यावर पत्ता देऊन जावे. आम्ही दोघे जण घरी येतो. वेळ सकाळची बरी. दुपारी या वयात माणूस दमतो. मराठीत सांगोत, उर्दूत सांगोत, आमच्यातील एकाला दोन्ही लिहिता येतात.